पहिला धूर

नरकचतुर्दशीच्या पहाटेची माझी सर्वांत जुनी आठवण उटण्याची नाही, फटाक्यांचीही नाही. ती धुराची आहे. कारंज्याच्या आमच्या घरी मागल्या अंगणात तांब्याचा बंब होता. पहाटे चारच्या सुमारास आई कंदील घेऊन तिथे जाई आणि बंबाच्या पोटात पऱ्हाट्या कोंबून तो पेटवायला बसे. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. आमच्या वऱ्हाडात या सरपणाला तोटा नाही. पण रात्रभर दंव पडलेले असे, बंब गारठलेला असे, आणि जाळ धरण्यापूर्वी तो जो धूर ओके त्याला तोड नव्हती. आई फुंकणीने फुंकत असे, पदराने डोळे पुसत असे आणि आम्हां पोरांना दटावत असे, "अरे, लांब व्हा! पहिला धूर जाऊ द्या आधी." मग केव्हातरी भक्कन जाळ होई, बंब गुरगुरू लागे आणि धूर कुठल्या कुठे नाहीसा होई.

बंब तोच, काड्या त्याच, फुंकणारी आई तीच. मग आधी एवढा धूर का आणि नंतर मुळीच का नाही? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला यंदा, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तोही मोटारीखाली वाकून पाहत असताना.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझे आणि यंत्रांचे सूत किती जमते ते ठाऊक आहे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला मी माणूस. सायकलची चेन पडली तरी विद्यार्थ्याला हाक मारणारा. पण डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आमच्या कारंज्याच्या शिवारातून मोटारी सुसाट धावू लागल्या. लेक नागपूरला दिलेली. आमच्या सौभाग्यवतींनी एक दिवस जेवताना विषय काढला, "साऱ्या जगाच्या गाड्या आपल्या दारावरून नागपूरला जातात. आपण मात्र एस.टी.च्या स्टँडवरच म्हातारे व्हायचे का?" ग्रॅच्युइटीतले काही पैसे शिल्लक होते. त्यातून एक जुनी पेट्रोलची मोटार घेतली. जिथे एके काळी बंब होता त्या अंगणाची भिंत पाडून तिच्यासाठी जागा केली. अंगणाचा दरवाजा मागच्या गल्लीत उघडतो, आणि गल्ली एवढी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने नम्रपणा दाखवावा लागतो.

मोटार आली तशा मोटारीच्या सवयीही आल्या. लहानपणी पाहिलेले एस.टी.चे ड्रायव्हर थंडीत गाडी सुरू करून ठेवायचे, खाली उतरून चहा घ्यायचे आणि मग निघायचे. तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसलेले, की इंजिन चांगले तापू द्यावे, मगच गाडी हलवावी. गेल्या थंडीत मी हा नेम अगदी निष्ठेने पाळला. गुरुमंदिरातल्या पहाटेच्या घंटा ऐकू आल्या की उठायचे, मोटार गल्लीच्या तोंडाशी आणून सुरू करून ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटे आत येऊन चहा घ्यायचा. कुठे जायचे असायचे? कधी दर्शनाला, कधी दूध आणायला. दोन्ही ठिकाणे घरापासून हाकेच्या अंतरावर. पण नवी वस्तू घरात आली की माणूस तिच्यासाठी कामे शोधतो.

समोरच्या घरात एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, दम्याचा जुना विकार, आणि जीभ अजून कात्रीसारखी. थंडीच्या दिवसांत त्या ओट्यावर बाज टाकून कोवळे ऊन खात बसतात. एक दिवस म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या गाडीले खोकला झाला काय जी? रोज सकाळी माह्यासारखीच करते." मी हसलो, त्याही हसल्या. पौषाच्या मध्यावर त्या ओट्यावर दिसेनाशा झाल्या. थंडी फार म्हणून आत बसत असतील, असे मी समजलो. फार विचार केला नाही.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ती मी आजवर घरातही सांगितली नव्हती. त्याच थंडीच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, मोटार एका गॅरेजात नेली होती. तक्रार एकच, पेट्रोल फार पिते. मिस्त्री खाली सरकला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "काकाजी, इंजिनाखाली एक डबा हाय. त्यात जाळी राह्यते. तिच्यानं गाडीचा जीव गुदमरते. काढून टाकू का? मायलेज वाढते, पिकअप वाढते." मी विचारले, "तो डबा कशासाठी असतो?" तो म्हणाला, "सरकारच्या कागदासाठी." धुराचे प्रमाणपत्र तर माझ्याकडे होतेच, आणि त्याची मुदत संपायला अजून सात महिने होते. जाळी गेली. डबा वरून होता तसाच दिसावा म्हणून तो पुन्हा जोडून दिला. समोरच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर तोही त्याने कसाबसा विझवून दिला. मायलेज वाढल्याचे मला तरी कधी जाणवले नाही. पण मनाला बरे वाटले. फुकट मिळालेल्या उपायात मुळातच एक गोडी असते.

मे महिन्यात माझा भाचा घरी आला. तो चाकणच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनांच्या चाचण्यांचे काम करतो. दुपारभर उभ्या असलेल्या मोटारीत बसून आम्ही स्टँडकडे निघालो. किल्ली फिरवली तशी त्याने नाक उडवले.

"मामा, हा कच्च्या पेट्रोलचा वास आहे."

"असेल. गाडी थंड आहे ना अजून," मी सवयीने म्हणालो आणि माझे मलाच हसू आले. बाहेर पारा त्रेचाळीसला टेकलेला, पत्र्याला हात लावला तर फोड यावा, आणि मी म्हणतो गाडी थंड आहे!

भाचा मात्र हसला नाही. "बरोबर बोललात तुम्ही," तो म्हणाला. "गाडी थंडच आहे. आमच्या हिशेबाने सहा तास उभी राहिलेली गाडी वैशाखातही थंडच. जिथे निदान अडीचशे-तीनशे अंश उष्णता लागते, तिथे त्रेचाळीस अंश म्हणजे काय?"

"अडीचशे अंश? ते कशाला लागतात?"

"तुमच्या इंजिनाला लागून एक डबा असेल, त्याला." एवढे बोलून तो खाली उतरला, वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याला वेल्डिंगची ताजी रेघ दिसली होती. "मामा," तो उठून म्हणाला, "याच्या पोटातले काळीज कुठे आहे?"

त्या संध्याकाळी अंगणात बसून त्याने मला जे समजावून दिले, ते माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरलाही कळले. म्हणून ते इथे सांगतो.

पेट्रोल हे द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते, तेव्हा ठिणगीने ते पेट घेते. इंजिन गार असले की पेट्रोलाचा बराचसा भाग वाफ न होता आतल्या थंड भिंतींना चिकटून राहतो, गार ताटाला तूप चिकटावे तसा. मग इंजिन चालू राहावे म्हणून नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल द्यावे लागते. जुन्या फियाट आणि अँबॅसिडर चालवलेल्या वाचकांना चोकची कळ आठवत असेल. ती ओढायची ती याचसाठी. आता ते काम यंत्र आपले आपण करते. पण हे जादा दिलेले पेट्रोल सगळे जळत नाही. काही कच्चे, काही अर्धे जळालेले असे सायलेन्सरवाटे बाहेर पडते. अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. म्हणून दार बंद असलेल्या गॅरेजात मोटार कधीही सुरू ठेवू नये, हे भाच्याने मला दोनदा बजावले.

आता या घाणीवर उपाय म्हणून जो डबा असतो, त्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या पोटात बहुधा चिनी मातीच्या जातीचे एक पोळे असते. मधमाशीच्या पोळ्यासारखीच बारीक, आरपार छिद्रे. एका चौरस इंचात चारशे, सहाशे आणि त्याहूनही जास्त. या छिद्रांच्या आतल्या अंगावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय विरळ लेप दिलेला असतो. इंजिनातला धूर या छिद्रांतून जाताना कच्चे पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड जळून त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. लग्नात मध्यस्थ असतो ना, तो दोन्हीकडची माणसे जुळवून देतो आणि स्वतः होता तसा राहतो. तसे हे धातू. (आमच्याकडचे मध्यस्थ जेवून जातात, एवढाच काय तो फरक.)

"पण मामा," भाचा म्हणाला, "हा मध्यस्थ गार असला की झोपलेला असतो. मामी, गार तव्यावर भाकरी टाकली तर काय होते?"

"चिकटते," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. "तवा तापल्याशिवाय भाकरी टाकायचीच नसते."

"झाले! तीच गोष्ट. हा तवा अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापला, की काम सुरू करतो. तोवर धूर जसाच्या तसा बाहेर. म्हणजे ज्या वेळी इंजिन सर्वांत जास्त घाण करते, नेमक्या त्याच वेळी झाडूवाला निजलेला. चांगल्या, धडधाकट मोटारीचीदेखील वीस मिनिटांच्या चाचणीत कच्च्या पेट्रोलाची जी घाण होते, तिच्यातली निम्म्याहून अधिक पहिल्या एक-दोन मिनिटांत होऊन जाते. पुढे तुम्ही नागपूरपर्यंत जा, डबा रसरसून तापलेला असतो, घाण थोडीच होते. मामा, समृद्धीवर नाही, घाण होते ती तुमच्या गल्लीत."

मला एकदम आईची आठवण झाली. पहिला धूर जाऊ द्या आधी.

मग गेल्या कित्येक वर्षांत इंजिनीयर लोकांनी काय केले? त्यांनी या पहिल्या दोन मिनिटांचा पिच्छा पुरवला. त्यांच्या युक्त्या ऐकल्या तेव्हा मला वाटले, यांतली निम्मी अक्कल आमच्या आईला ठाऊक होती. पहिली युक्ती, तवा जाळाजवळ न्यायचा. पूर्वी हा डबा मोटारीच्या मध्याखाली, इंजिनापासून चार हात लांब असे. तिथे पोचेपर्यंत धूर निवून जाई. आता तो इंजिनाच्या तोंडालाच लावतात. दुसरी, तवा पातळ करायचा. पोळ्याच्या भिंती जितक्या पातळ तितके ते लवकर तापते. जाड तव्यापेक्षा पातळ तवा लवकर तापतो तसे. तिसरी, वाटेत ऊब जाऊ द्यायची नाही. म्हणून काही मोटारींत इंजिनापासून डब्यापर्यंतची नळी दुहेरी करतात आणि दोन थरांमध्ये हवा ठेवतात, थर्मासच्या बाटलीसारखी.

चौथी युक्ती मला फार आवडली. मोटार सुरू केल्यावर पहिला अर्धा-एक मिनिट इंजिन जरा चढ्या आवाजात गुरगुरते आणि मग शांत होते, हे पुष्कळांनी ऐकले असेल. मला वाटे, ते आळस देत असेल. तसे नसते. यंत्र त्या वेळी ठिणगी मुद्दाम उशिरा टाकते. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा होते आणि त्याची उष्णता चाकांच्या कामी न येता धुराबरोबर बाहेर जाते, थेट डब्यावर. म्हणजे थोडे पेट्रोल जाणूनबुजून वाया घालवायचे, पण तवा तापवून घ्यायचा. आणि पाचवी युक्ती म्हणजे चक्क फुंकणी! काही मोटारींत एक छोटा पंप पहिल्या मिनिटभर इंजिनाच्या धुरात बाहेरची ताजी हवा फुंकतो. धुरात कच्चे पेट्रोल असतेच, त्याला हवा मिळाली की ते तिथेच पेट घेते आणि त्या आचेने डबा तापतो. आई अगदी हेच करीत होती, फक्त डोळे पुसत. काही गाड्यांत विजेच्या तारेनेही डबा तापवतात.

वाचक म्हणतील, मास्तर, एवढ्या युक्त्या माणसाला आधी का सुचल्या नाहीत? याचे उत्तर मला साऱ्या प्रकरणात सर्वांत बोधप्रद वाटले. युरोपात मोटारींची धुराची चाचणी घेत तेव्हा आधी मोटार किमान सहा तास वीस ते तीस अंशांच्या खोलीत गार करून ठेवीत. मग ती सुरू करीत. पण सुरू केल्यावर पहिली चाळीस सेकंदे धूर मोजायचाच नाही, असा नियम होता. बिचारी नुकती उठली आहे, तिला तोंड धुऊ द्या, अशातला प्रकार! म्हणजे जो सर्वांत घाण धूर, तोच हिशेबाबाहेर. २००० सालापासून ही सवलत काढून टाकली. किल्ली फिरली त्या क्षणापासून मोजणी सुरू झाली. मग पहिल्या सेकंदाची घाणही परवडेनाशी झाली आणि डबे इंजिनाच्या जवळ जवळ सरकले. पुढे उणे सात अंश थंडीतली वेगळी चाचणीही त्यांनी लावली. आपल्याकडे पुढे जी चाचणी आली तीही याच धर्तीची. फक्त आपल्या रस्त्यांचा विचार करून तिच्यात वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर धरली. मोटारींच्या अशा चाचण्या घेणारी एक मोठी संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. तिची स्थापना १९६६ सालची.

जे मोजले जात नाही ते साफ होत नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षे वह्या तपासून मला हे कळायला हवे होते. ज्या पानावर मास्तरची सही नाही, त्या पानावरचे अक्षर नेहमीच कसे असते?

या डब्याचा जन्मही मोठा गमतीचा आहे. युजीन हुड्री नावाचे एक फ्रेंच इंजिनीयर होते. खनिज तेलापासून चांगल्या प्रतीचे पेट्रोल काढण्याची त्यांची पद्धत दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांच्या फार उपयोगी पडली. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झालेले असताना तिथल्या शहरांवर धुराचे ढग साचू लागले. ज्या पेट्रोलासाठी उमेद खर्च केली, त्याचाच धूर लोकांच्या छातीत जातो आहे हे पाहून त्यांनी १९५० च्या दशकात मोटारीसाठी असा डबा तयार केला. पण तो चालेना. कारण त्या काळी पेट्रोलात शिसे घालीत, आणि शिशाचा थर बसला की धातूंचा लेप निकामी होई. शिसे गेल्याशिवाय डबा नाही. अमेरिकेत १९७५ सालच्या मोटारींपासून हे डबे सर्रास बसू लागले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना डबा सक्तीचा झाला, आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. फेब्रुवारी २००० पासून ते देशभर आले. म्हणजे कारंज्याच्या पंपावरही.

पण नियम मात्र पुढेही बराच काळ शहरांना एक आणि आम्हांला एक असेच होते. भारत स्टेज चार हे नियम २०१० साली तेरा शहरांत लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर होती. उरलेल्या साऱ्या देशात ते पोचायला एप्रिल २०१७ उजाडले. भारत स्टेज सहा मात्र १ एप्रिल २०२० रोजी साऱ्या देशाला एकदम लागू झाले. मुंबईच्या माणसाची छाती आणि कारंज्याच्या माणसाची छाती कायद्याने त्या दिवशी एक केली. आणि मी काय केले? ज्या गोष्टीसाठी जगभर एवढी डोकी झिजली, सरकारने कायदे केले, ती गोष्ट मी एका दुपारी पेट्रोलाच्या लोभाने काढून फेकली. वर त्या मोटारीला रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे दुसऱ्याच्या ओट्यासमोर धूर ओकायला लावले.

"इंजिन तापवायला नको का?" मी अखेरचा दुबळा बचाव केला.

"उभ्या उभ्या ते फार हळू तापते, मामा," भाचा म्हणाला. "पेट्रोलच्या नव्या गाड्यांना ते लागतच नाही. सुरू करायची, पट्टा लावायचा, अर्ध्या मिनिटात निघायचे आणि पहिले मैलभर हळू चालवायची. जाता जाता ती आपोआप तापते. आणि खरे सांगू? दूध आणायला गाडी काढूच नये. तवा तापण्याआधीच प्रवास संपतो. येताना पुन्हा तेच. अशा दहा छोट्या फेऱ्यांपेक्षा एक लांबचा प्रवास बरा."

मला आमची शकुंतला आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी कारंज्यावरून जात असे. तिचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले होते, आणि १९९४ पर्यंत वाफेवरच तिची चाकरी चालू होती. वाफेच्या इंजिनाला गाडी निघण्याच्या कितीतरी तास आधी विस्तव घालावा लागतो. त्याचा पहिला धूर शेडमध्येच होऊन जाई. तो काळाकुट्ट दिसे, म्हणून लोक लांब राहत. मोटारीच्या धुराचे वाईट हे, की तो दिसत नाही. न दिसणाऱ्या पापाला साक्षीदार नसतो.

रात्री सौभाग्यवतींना सारे सांगितले. त्यांनी पाटल्यांसाठी काही पैसे बाजूला ठेवले होते, ते मला ठाऊक होते, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते. नव्या डब्याची किंमत ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मी म्हणालो, "कोणाला कळणार आहे? डबा वरून तर आहेच." यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, ते पाहणे मी नोकरीत असताना कॉपी करणाऱ्या मुलांकडे पाहत असे. सकाळी कपाटाची किल्ली माझ्या चहाच्या बशीत होती.

पावसाळ्याच्या तोंडावर मोटारीला कंपनीने ठरवून दिलेल्या जातीचा नवा डबा बसला. पिवळा दिवा या वेळी कोणी विझवला नाही. तो आपला आपण गेला. मिस्त्री अर्थातच दुसरा होता. पहिल्याला मी काही बोललो नाही, कारण त्याने सल्ला दिला असला तरी होकार माझा होता.

राहता राहिल्या समोरच्या आजी. डब्याची गोष्ट त्यांना सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी गौरीच्या फराळाचे ताट घेऊन गेलो आणि सांगून टाकले. तवा, जाळी, फुंकणी, सगळे. आजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मले ते जाळीचं काही समजत नाही, मास्तर. पण वास येत होता. म्हणून तं पौषात बाज मागच्या अंगणात नेली म्या."

"मागे? पण मागे तर दहा वाजेपर्यंत ऊन येत नाही."

"नाही येत," आजी म्हणाल्या.

"मग मला बोलायचे नाही का एकदा?"

"बोलली होती ना. गाडीले खोकला झाला काय, म्हनून विचारलं होतं. तुम्ही हासले, मंग मीबी हासली."

एवढेच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ताटातली करंजी मोडून त्यांनी अर्धी माझ्याच हातावर ठेवली. दम्याची जुनी दुखणाईत म्हातारी, साऱ्या थंडीत तिचे कोवळे ऊन मी बंद केले होते, आणि मला ती ओट्यावर का दिसत नाही हे विचारायला मी चार पावले चाललो नव्हतो. तिच्या खोकल्यात माझ्या धुराचा वाटा किती, ते कुठला डॉक्टर सांगू शकणार? पण उन्हाचा हिशेब तर सरळ आहे. तो मोजायला यंत्र लागत नाही.

संपादकांच्या शिस्तीमुळे दिवाळीचा मजकूर दिवाळीच्या आधी महिनाभर द्यावा लागतो. त्यामुळे हे लिहीत आहे तेव्हा कारंज्यात अजून थंडी पडलेली नाही. दूध मी आता पायी आणतो. गुरुमंदिरातही चालतच जातो, आणि वाटेत चार माणसे भेटतात हा वरकड लाभ. नागपूरला जायचे असले तरच मोटार निघते. सुरू केली की लगेच, आणि गल्लीच्या टोकापर्यंत अगदी हळू. नव्या डब्यालाही तापायला वेळ लागतोच, तेव्हा पहिला धूर अजून आहे. तो कमी झाला आहे, सरलेला नाही.

नरकचतुर्दशीला मात्र आम्ही बंब पेटवणार आहोत. नातवंडांनी तसा हट्टच धरला आहे. सौभाग्यवतींची अट एवढीच, की तो गच्चीवर न्यायचा, काड्या खडखडीत वाळलेल्या घ्यायच्या आणि फुंकणी माझ्या हातात द्यायची. डोळे पुसायची पाळी आता माझी.

पौष लागला की समोरच्या ओट्याकडे मी रोज सकाळी पाहणार आहे. बाज पुढे आली तर वाचकांना कळवीनच.